लखनौच्या रजईखाली सोलापूरची चादर

लखनौहून परत आल्यापासून शेजारच्या बायका विचारतात, "काय काय पाहिलंस गं?" त्यांना इमामबाडा, भूलभुलैया, नबाबांचे दरवाजे असलं काहीतरी ऐकायचं असतं. इमामबाडा मी पाहिला, पण सायकलरिक्षातून आणि धुक्यात, म्हणजे अर्धाच. मन लावून पाहिल्या त्या लखनौच्या लोकांच्या रजया. खरं सांगितलं की बायका हसतात, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहून काढते आहे.

सोलापुरात आमचा चादरींचा छोटा कारखाना आहे. यंत्रमाग मोजकेच आणि घराच्या मागच्या बाजूलाच. स्वयंपाक करताना त्यांचा खडखडाट थांबला तर मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. कारखाना सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी उभा केलेला. गिऱ्हाइकं आणि बाहेरची कामं माझे यजमान बघतात, पण चादर कशी निघायची ते मामंजीच ठरवतात. त्यांचं एक वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे: "चादर उचलली की हाताला कळलं पाहिजे." म्हणजे ती जड पाहिजे. जड ती टिकाऊ, टिकाऊ ती चांगली, असा सरळ हिशेब.

लखनौच्या अमीनाबादेत रस्तोगी नावाचे एक घाऊक व्यापारी आहेत. तीन हिवाळ्यांपूर्वी आम्ही त्यांना पहिल्यांदा माल पाठवला. तो हातोहात संपला आणि त्यांनी पुन्हा मागवला. मामंजींना हुरूप आला. पुढच्या वर्षी त्यांनी सूत जाड केलं, वजन वाढवलं, चादरीवरच्या मोरांच्या पिसाऱ्यात आणखी दोन रंग घातले. तर मागणी कमी झाली. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तेच. यंदा आणखी वजन वाढवलं, तर कार्ड आलं: माल मिळाला, क्वालिटी पूर्वीसारखी राहिली नाही, पुढची ऑर्डर विचार करून देऊ.

मामंजींनी कार्ड दोनदा वाचलं आणि माझ्या हातात दिलं. "ह्या माणसाचा चष्मा बदलायला झालाय," ते म्हणाले.

पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. लखनौचा माल बंद झाला असता तर दोन माग बंद पडले असते, आणि त्या मागांवर माझ्या लग्नाच्या आधीपासूनची माणसं आहेत. यजमान कावीळ होऊन अंथरुणात. पत्र लिहून विचारलं तर उत्तर आलं ते इतकं गोड की त्यातून काहीच कळेना. शेवटी मामंजी म्हणाले, "मीच जातो. माल त्याच्यासमोर उलगडतो आणि खोट दाखव म्हणतो." त्यांचं हिंदी आमच्या सोलापूरचं, 'मेरेको' आणि 'कायकू'चं. म्हणून शाळेत हिंदीच्या परीक्षा दिलेली सून सोबत निघाली. माझी मावसबहीण नलूताई लखनौलाच असते, त्यामुळे उतरायची चिंता नव्हती. संक्रांत झाली आणि आम्ही निघालो.

महानगर

झाशीला गाडी बदलून लखनौला उतरलो ते भर सकाळी, पण स्टेशनाबाहेर समोरचं झाड दिसत नव्हतं. धुकं आम्ही महाबळेश्वरच्या सहलीत पाहिलेलं. तिथं ते येतं आणि जातं. इथं ते मुक्कामाला होतं. तोंडातून वाफ निघत होती. मामंजींच्या अंगात एकच स्वेटर, आणि चादरींचं गाठोडं त्यांनी पोटाशी धरलेलं. ते नमुन्यासाठी होतं, पण त्या वेळी उबेलाही उपयोगी पडलं.

रिक्षावाला अदबीनं म्हणाला, "तशरीफ़ रखिए, बाबूजी."

"काय ठेवा म्हणतोय?" मामंजींनी मला विचारलं.

"बसा म्हणतोय."

"मग बसा म्हणायचं की."

नलूताईचे यजमान भाऊसाहेब वनस्पतींवर संशोधन करतात. महानगर वसाहतीत त्यांचं घर आहे, पुढे गुलाबांचा वाफा, मागे मुळा आणि मेथी. इतकी वर्षं तिथं काढल्यामुळे नलूताईची भाषा मजेची झाली आहे. दारातच म्हणाली, "या या मामा, अच्छा, आधी चहा घ्या. आज सब्जीवाला भैया आलाच नाही. कोहरा बघ ना यार, कसला पडलाय." मामंजींनी माझ्याकडे बघितलं. बोलणं मराठी आहे की नाही याची त्यांना खात्री हवी होती. तिची मुलगी मुक्ता कॉलेजात जाते. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. मामंजींनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवून "गोड बोल" म्हटलं, तर ती म्हणाली, "थँक्यू नानाजी. ये तो हमारी रेवड़ी की बहन है." आतून तिनं रेवड्यांची पुडी आणली. त्यांना गुलाबाचा वास होता. मामंजींनी एक तोंडात टाकली, दुसरी टाकली, आणि आमचा तिळगूळ चांगला की त्यांची रेवडी हे ठरवायला तिसरीही टाकली.

झोपताना नलूताईनं दोघांना रजया दिल्या. मामंजींनी नको म्हटलं. "मी चादरीचा कारखानदार. माझ्या चादरीत झोपंन." आमच्या दोन जड चादरी अंगावर घेऊन ते झोपले. सकाळी बघते तर रजईत कानापर्यंत गुरफटलेले, आणि आमच्या चादरी पायाशी. न्याहारीच्या आधी त्यांनी त्या स्वतःच घडी करून गाठोड्यात ठेवल्या.

माझ्या रजईला आतून नलूताईची जुनी सुती साडी टाचलेली होती. मी विचारलं तर ती म्हणाली, "रजई धुता येत नाही ना गं, आतल्या रुईचे गोळे होतात. म्हणून आतून काहीतरी लावायचं आणि तेवढंच काढून धुवायचं. इथं सगळे तसंच करतात." मी बरं म्हटलं आणि तो विषय डोक्यातून गेला. त्याच वेळी मी जरा विचार केला असता तर पुढचे दोन दिवस वाचले असते, पण मग मला लखनौ दिसलं नसतं.

अमीनाबाद

सकाळी न्याहारीला मटारची घुघरी होती. कोवळे मटार, जिरं, आलं, वरून लिंबू. आपल्याकडे मटार उसळीत, भातात घालतात. इथं थंडीत ते वाडगाभर नुसतेच खातात आणि ते बरोबर करतात. ती खाऊन आम्ही अमीनाबादला गेलो.

रस्तोगीजींचं दुकान लांबट, आत पांढरीशुभ्र गादी अंथरलेली, कडेला लोड. चपला बाहेर काढून वर बसायचं. रस्तोगीजी गोरे, बारीक अंगाचे, काळी टोपी, मफलर. त्यांनी आमच्या प्रवासाची चौकशी केली. यजमानांच्या काविळीची केली. सोलापुरात या दिवसांत ऊन कसं असतं ते विचारलं. चहा मागवला. मामंजींना धीर निघेना.

"शेठजी, तुमने लिख्या के क्वालिटी न्हई. कायकू न्हई? मेरेको दिखाव."

"अरे बाबूजी, पहले आप दम तो लीजिए. माल तो आपका लाजवाब है."

"लाजवाब है, तो फिर?"

"बस, ज़रा क्वालिटी की बात है."

मामंजींनी गाठोडं सोडलं. एक चादर उलगडून तिचं एक टोक दुकानातल्या नोकराच्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं, आणि दोघांनी ताणलं. चादरीचा एक धागाही सरकला नाही. "बेशक," रस्तोगीजी म्हणाले. मामंजींनी रुमाल पाण्यात भिजवून मोराच्या पिसाऱ्यावर घासला. रुमाल कोरा राहिला. "क्या कहने," रस्तोगीजी म्हणाले. मग चादर उलटी करून दोन्ही बाजू सारख्या असल्याचं दाखवलं. "वाह." प्रत्येक परीक्षेत चादर पास होत होती आणि रस्तोगीजी मान डोलावत होते, पण क्वालिटी काही परत येत नव्हती.

शेवटी मामंजींनी वजन दाखवायला चादरीची घडी जोरात उचलली, आणि तिच्या टोकानं चहाचा पेला उडवला. पांढऱ्या गादीवर हा एवढा डाग. मी पदर घेऊन पुसायला धावले. रस्तोगीजी जागचे हलले नाहीत. "रहने दीजिए बहूजी, बिछी ही इसीलिए है," म्हणाले आणि मामंजींसाठी दुसरा चहा मागवला.

माणूस इतका सभ्य असला की त्याच्याशी भांडता येत नाही आणि त्याच्याकडून काही कळतही नाही. मी मनात शाळेतलं हिंदी जुळवलं. मग म्हटलं, "रस्तोगीजी, उद्या दिवसभर मी तुमच्या दुकानात बसले तर चालेल? किरकोळ विक्रीच्या बाजूला?"

त्यांनी टोपी काढली, परत घातली. "बैठिए. घर की दुकान है. बस इतना कीजिएगा कि किसी से यह मत कहिएगा कि कारख़ाना आपका है. लोग फिर सच नहीं बोलेंगे."

बाहेर आल्यावर मामंजी म्हणाले, "ह्याच्या मनात काय हाय ते ह्यालाबी ठाऊक न्हाई." मला मात्र वाटलं की त्यांना पक्कं ठाऊक आहे, फक्त तोंडावर सांगवत नाही.

दुकानातला दिवस

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब मामंजींना हजरतगंज दाखवायला घेऊन गेले आणि मी दुकानात कोपऱ्यातल्या लोडाशी बसले, समोर शेगडी.

पहिलं गिऱ्हाईक अलीगंजचं तरुण जोडपं होतं, नवीन घर मिळालेलं. बाईनं आमची चादर अर्धी उलगडली, नवऱ्याला विचारलं, "पर्दों के साथ जाएगी?" त्यानं मोरांकडे बघून मान हलवली. संपलं. मग एक म्हातारे कारकून आले. त्यांना बैठकीतल्या तख्तावर, म्हणजे लाकडी दिवाणावर, घालायला काही हवं होतं. त्यांनी आमची जड चादर हातात तोलली, खूश झाले, लगेच बांधून घेतली. मला आनंद झाला आणि गोंधळही वाढला. म्हणजे चादर वाईट नव्हती. मग एका लग्नघरची मंडळी आली. त्यांना मुलीच्या सामानात द्यायचं होतं. त्यांनी फक्त एक बघितलं, घडी उलगडताना पाहुण्यांसमोर ती कशी दिसेल. नोकराकडून पुन्हापुन्हा उलगडून घेतली.

दुपारपर्यंत माझ्या ध्यानात आलं की मामंजींनी केलेली एकही परीक्षा कुणी केलेली नाही. कुणी ताणली नाही, कुणी रुमाल घासला नाही. आणि बहुतेक बायकांनी एक गोष्ट केली, जी आमच्या कारखान्यात आजवर कुणी केली नव्हती. त्यांनी चादरीचं टोक गालाला लावून पाहिलं.

तिसऱ्या प्रहरी शाहिदा आपा आल्या. बुरखा मागे टाकलेला, हातात शाळेच्या वह्यांची पिशवी. मुलींच्या शाळेत शिकवतात. त्यांनी मोरांची चादर बघितली, उचलली, खाली ठेवली. "रस्तोगी साहब, ये वो वाली नहीं है. तीन बरस पहले जो आई थी, वो दीजिए."

"आपा, अब यही आ रही है."

"तो फिर पानीपत वाली दे दीजिए."

मला राहवेना. उठून त्यांच्याजवळ गेले आणि विचारलं, "ह्या चादरीत काय वाईट आहे?"

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, माझी नऊवारी नसली तरी साडीची तऱ्हा परकी दिसत असणार. "बुरी कहाँ है? बहुत अच्छी है. मगर हमारे काम की नहीं. पहले वाली हम रज़ाई के अंदर लगाते थे."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं की आम्ही सोलापूरचे आणि ही चादर आमच्याच मागावरची. रस्तोगीजींनी डोळे मिटून घेतले. शाहिदा आपांचा चेहरा उतरला, अगदी माझ्या घरी येऊन माझ्याच स्वयंपाकाला नावं ठेवल्यासारखा. मग त्या हसल्या. "तो बहन, कल इतवार है. घर आइए, अम्मी से मिलिए. जो मैं नहीं कह पाऊँगी, वो कह देंगी."

चौक

मामंजी यायला तयार नव्हते. "लोकांच्या अंथरुणात काय बघायचं?" ते म्हणाले. शेवटी नलूताईनं समजावलं, "अहो मामा, तुम्ही माल अंथरुणासाठीच करता ना." त्यावर त्यांनी भाऊसाहेबांचा कोट अंगात चढवला.

शाहिदा आपांचं घर चौकातल्या एका अरुंद गल्लीत आहे. बाहेरून नुसतं दार, आत गेलं की मोठं अंगण, अंगणात नळ आणि पेरूचं झाड. त्यांच्या सासूबाई, अम्मी, ओसरीत तख्तावर बसल्या होत्या. सत्तरीच्या, लहानखुऱ्या, आवाज खणखणीत. मामंजींना म्हणाल्या, "आइए भाई साहब. आज घर में तहरी बनी है, गोश्त नहीं पका. इत्मीनान से बैठिए." आम्ही शाकाहारी असणार हे त्यांनी आधीच धरलं होतं. मला फार बरं वाटलं.

शाहिदा आपांनी आतून अम्मींची रजई आणली आणि उलटी करून दाखवली. आतल्या बाजूला फिकी, मऊ झालेली चादर टाचलेली होती, कडेला बारीक निळा पट्टा. मामंजींनी वाकून तो पट्टा दोन बोटांत धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही.

"सुमन, ही आपली हाय," ते मला मराठीत म्हणाले.

"पहिल्या वर्षीची?"

"त्या वर्षी जाड सूत मिळालं न्हाई. बारीक सुतावर काढली. मला लाज वाटायची. सोलापुरात कुणाला दाखवली न्हाई, लांब जाणार म्हणून इकडं पाठवली. त्याचीच भरपाई म्हणून पुढं वजन वाढवलं."

मी अम्मींना हे हिंदीत सांगितलं. त्यांना मोठं नवल वाटलं. "ऐ लो. हम तो समझे थे आपने हमारे ही लिए बनाई है. तीन जाड़े हो गए. जितनी धुलती है उतनी नरम होती है."

"और अभी की?" मामंजींनी विचारलं.

"माशाअल्लाह, बहुत मज़बूत है. मेरे बाद भी रहेगी. मगर भाई साहब, मैं उसे ओढ़ूँ तो करवट कैसे लूँ? और धोए कौन?"

"धुनेको क्या है उसमें," मामंजी म्हणाले. "घंटेभरमें सूखती."

"अच्छा?" अम्मी म्हणाल्या. "तो धोकर दिखाइए."

मी आणि शाहिदा आपा एकमेकींकडे बघत राहिलो. पाहुण्याला धुणं धुवायला लावायचं, तेही लखनौमध्ये. शाहिदा आपा "अम्मी, अम्मी" करत होत्या, पण मामंजींनी कोट काढून खुंटीला अडकवलाही होता. गाठोड्यातली एक जड चादर घेऊन ते नळाखाली बसले. पाणी असं गार की माझे हात नुसत्या बघण्यानं आखडले. साबण लावेपर्यंत ठीक होतं. भिजल्यावर चादर उचलेना. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ते, असं पिळायला लागलो. एक पीळ बसला, दुसरा बसला, आणि तिसऱ्याला ती त्यांच्या हातून सुटली आणि ते फरशीवरच्या पाण्यात बसले.

कुणी हसलं नाही. म्हणजे मामंजी स्वतः हसेपर्यंत कुणी हसलं नाही. मग अम्मी इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

शाहिदा आपांच्या यजमानांचा कुर्ता-पायजमा घालून, वर शाल पांघरून मामंजी तहरी खायला बसले. पिवळा भात, त्यात बटाटे, मटार, फ्लॉवर, सोबत मुळ्याची कोशिंबीर आणि हिरवी चटणी. आपल्या मसालेभाताची लांबची नातेवाईक, पण बोलणं हळू. त्यांनी दोनदा वाढून घेतलं. चादर गच्चीवर दोरीवर टाकली होती आणि टपटप गळत होती. आकाशात ऊन म्हणून एक पांढरा ठिपका होता, तोही थोडाच वेळ.

संध्याकाळी ती ओलीच होती. अम्मी म्हणाल्या, "छोड़ जाइए. कल देख लीजिएगा."

दुसऱ्या सकाळी आम्ही परत गेलो. गल्लीच्या तोंडाशी एकजण मोठ्या परातीत मक्खन मलाई घेऊन बसला होता. दुधाचा घुसळून काढलेला फेस, केशराचा पिवळा, वर पिस्त्याचे काप. द्रोणात देतात. जिभेवर ठेवला की आहे म्हणेपर्यंत नाहीसा होतो. तो म्हणाला की रात्रीचं दव लागल्याशिवाय हा बनत नाही, म्हणून फक्त थंडीतच मिळतो. मामंजींनी रिकाम्या द्रोणाकडे बघत म्हटलं, "ह्याला वजनच न्हाई. आणि लोक रांग लावतात."

गच्चीवर चादर अजून दमट होती. मामंजींनी ती मुठीत दाबली, मग नाकाशी नेली. कोंदट वास मला लांबूनच येत होता. ते कठड्यावर बसून राहिले. मला वाटलं चिडतील किंवा काहीतरी कारण काढतील. त्यांनी चादर पुन्हा दोरीवर टाकली. खाली उतरले, तख्तासमोर मोढ्यावर, म्हणजे वेताच्या स्टुलावर, बसले आणि अम्मींना म्हणाले, "अम्माजी, आपको कैसी होना?"

मी लग्न होऊन आल्यापासून त्यांनी कुणा गिऱ्हाइकाला हे विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

अम्मींना सांगायला पुष्कळ होतं. तोंडाशी येते ती कड मऊ हवी, तिथं जाड गाठ नको. मोर नकोत; रजईच्या आत मोर कोण बघणार? आणि रंग फिका हवा. इथं मामंजी अडले. आमच्याकडे मळखाऊ रंग म्हणजे गुण. मी अम्मींना मळखाऊ शब्दाचा अर्थ सांगितला तर त्यांनी कानाला हात लावले. "मैल छुपाने वाला? तौबा. मैल दिखना चाहिए, भाई साहब, ताकि धोया जाए."

मामंजी माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हातारी बरोबर बोलतीय."

पुन्हा अमीनाबाद

शेवटच्या दिवशी रस्तोगीजींकडे गेलो. गादीवर नवी चादर होती, डाग कुठं दिसला नाही. मामंजींनी या वेळी गाठोडं आणलंच नव्हतं. त्यांनी सरळ विचारलं, "शेठजी, तुम्हारेको सब मालूम था. तो सीधा कायकू न्हई लिख्या, के हलकी भेजो?"

रस्तोगीजी जरा ओशाळले. "बाबूजी, आप इतनी दूर से इतनी मेहनत का माल भेजते हैं. हर साल पहले से भारी. अब मैं लिखूँ कि यह बोझ है? क्वालिटी अंग्रेज़ी लफ़्ज़ है. उसमें किसी का दिल नहीं टूटता."

मामंजींनी छातीवर हात ठेवला. मग म्हणाले, "हमारा टूट्या."

रस्तोगीजींनी हात जोडले. त्यांचं गोड बोलणं त्या क्षणी संपलं आणि खरं बोलणं सुरू झालं. सगळं आमच्या मनासारखं झालं नाही. रजईच्या चादरींची बरीचशी मागणी त्यांनी यंदा पानिपतच्या कारखानदारांना देऊन टाकली होती, ती परत फिरवता येण्यासारखी नव्हती. तख्तासाठी जड चादरी थोड्या घेईन म्हणाले. हलक्या चादरींचा एक लहान गठ्ठा नमुन्यादाखल मागवला, पुढच्या थंडीच्या तोंडावर हवा. "चल गई तो फिर आप ही आप हैं," ते म्हणाले.

इथं मामंजींनी बोट वर केलं. "एक बात. हलकी म्हणजे पातळ न्हई. मैं सूत कम न्हई करूँगा. बारीक सूत, घट्ट विणकाम. जाळी न्हई पडेगी." हिंदी संपलं की ते मराठीत जात होते आणि रस्तोगीजींना सगळं कळत होतं. दोघं घडीच्या मापावर, कडेच्या पट्ट्यावर, धुतल्यावर किती आटेल यावर बोलत बसले. निघताना रस्तोगीजींनी मामंजींची आवड माझ्याकडून ऐकून आणवलेल्या रेवड्यांचा मोठा डबा आमच्या हातात दिला. मामंजींनी आढेवेढे घेतले नाहीत.

सोलापूर

घरी आलो तर यजमान उठून बसायला लागले होते. मामंजींनी त्यांना पहिलं वाक्य सांगितलं ते असं: "अरे, तिथं वाळतच न्हाई." यजमानांना काही बोध झाला नाही. बाकीचं मी सांगितलं.

दोन मागांवर बारीक सूत चढलं. जुने कामगार एकमेकांकडे बघत होते, एकानं मला हळूच विचारलं, "वैनी, मालकांची तब्येत बरी हाय न्हवं?" बारीक सुतावर सुरुवातीला धागे फार तुटायचे. मामंजी मागाशेजारी उभे राहून सांधायचे आणि स्वतःशीच पुटपुटायचे. पुष्कळ कापड वाया गेल्यावर एक चादर त्यांच्या मनासारखी उतरली. फिकी, बदामी रंगाची, निळ्या पट्ट्याची, मोर नसलेली. त्यांनी आधी ती गालाला लावली, इकडंतिकडं बघून.

मग ती त्यांनी स्वतः धुतली, एकट्यानं पिळली. मी अंगणातली दोरी मोकळी करून दिली. फेब्रुवारी संपत आला होता, आमच्याकडे ऊन तापायला लागलं होतं. ते म्हणाले, "तिथं नको. तिथं कायबी वाळंल." ओली चादर घेऊन ते सुताच्या गोदामात गेले, तिथं खिडकी नाही. आत दोरी बांधली, चादर टाकली, दार ओढून घेतलं आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसले.

दिवसभरात ते किती वेळा आत जाऊन हात लावून आले, मी मोजलं नाही. दिवेलागणीला मी चहा घेऊन गेले तेव्हा चादर घडी करून त्यांच्या मांडीवर होती.

"वाळली," ते म्हणाले. "आता पाठवा लखनौला."